अमरगोळला उघडलेले इंजिन

हणजूण, वागातोर, हरमल. किनाऱ्यावरच्या दुकानांत टांगलेल्या टी-शर्टांवर, शॅकच्या भिंतींवर, फ्रीजला चिकटवायच्या चुंबकांवर एक गाडी हमखास असते. गोल चेहऱ्याची, मोठ्या डोळ्यांची, पोटावर फुले रंगवलेली फोक्सवॅगनची व्हॅन. गोव्याच्या हिप्पी पर्वाची ती जणू अधिकृत मुद्रा होऊन बसली आहे. या पर्वावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले. चरस-गांजा, नागडेपणा, पौर्णिमेच्या पार्ट्या, गावच्या पोरांवर झालेला परिणाम... लिहिणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवले नाही. पण ही गाडी युरोपातून इथवर पोचली कशी, आणि वाटेत बंद पडल्यावर तिला पुन्हा चालती कोणी केली, याची चौकशी फारशी झाली नाही. इतिहास लिहिताना आपण प्रवाशाकडे बघतो, मेस्त्रीकडे बघत नाही. हा लेख मेस्त्रीच्या बाजूने लिहायचा प्रयत्न आहे. यंत्रांची आवड नसलेल्या वाचकांनीही थोडा धीर धरावा ही विनंती.

या गाडीला पुढच्या बाजूला जाळी नाही, कारण तिथे रेडिएटरच नाही. इंजिन मागे, एका छोट्या झाकणाखाली. त्याला थंड करायला पाणी लागत नाही, वारा लागतो. पण धावताना समोरून येणारा वारा नव्हे. इंजिनावर एक मोठा पंखा असतो, तो पट्ट्याने फिरतो, आणि गाडी वेगात असताना सेकंदाला ५००हून अधिक लिटर हवा ओढून पत्र्याच्या आच्छादनातून चारही सिलिंडरांच्या पंखांवर सोडतो. हे पत्रे म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. हवेला कुठून जायचे आणि कुठून जायचे नाही, हे तेच ठरवतात. ज्यांनी घरी बजाजची चेतक पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिच्या उजव्या फुगीर गालाखाली हीच योजना होती: फ्लायव्हीलवर पंखा आणि इंजिनाभोवती पत्र्याची टोपी. ती टोपी काढून स्कूटर चालवली तर काय होते, हे शेजारच्या एखाद्या हौशी काकांनी करून दाखवलेले असेलच!

या इंजिनाचा जन्म १९३०च्या दशकातला. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीत फ्रान्झ झेवर राइमश्पीस या अभियंत्याने ते आखले. समोरासमोर झोपलेले दोन-दोन सिलिंडर, मध्ये क्रँक. वाऱ्याने थंड होणारे इंजिन निवडले याची कारणे फार व्यावहारिक होती. सामान्य जर्मन माणसाकडे गाडी ठेवायला गॅरेज नव्हते, कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभ्या गाडीतले पाणी गोठून ब्लॉक फुटे. पाणीच नसेल तर गोठणार काय? कल्पना सर्वस्वी त्यांची होती असेही नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीत हान्स लेडविंका यांनी १९२३ पासूनच वाऱ्याने थंड होणाऱ्या गाड्या काढल्या होत्या. टाट्राने दावा लावला, मध्ये नाझी आक्रमण आले, दावा गाडला गेला, आणि अखेर १९६५ साली फोक्सवॅगनने टाट्राला दहा लाख मार्क देऊन प्रकरण मिटवले. हिटलरच्या हौसेने उभा राहिलेला हा कारखाना युद्धानंतर मोडीतच जायचा. तो ब्रिटिश लष्करातल्या मेजर आयव्हन हर्स्ट यांनी पुन्हा चालू केला. २३ एप्रिल १९४७ रोजी बेन पोन या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एक चौकोनी डबा रेखाटला: इंजिन मागे, चालक पुढे, मध्ये सामान. मार्च १९५० मध्ये तो डबा कारखान्यातून बाहेर पडू लागला. वर्षभरात वेस्टफालिया नावाच्या कंपनीने त्यात बाक, टेबल आणि कपाट बसवून त्याचे फिरते घर केले. आपल्या टी-शर्टावरचे ते चित्र हेच.

साठच्या दशकात ही घरे पूर्वेकडे निघाली. इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली आणि तिथून खाली मुंबईवरून गोवा. १९७१च्या युद्धाने ही वाट काही काळ अडली आणि १९७९ साली कायमचीच बंद झाली: त्या वर्षाच्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती, शेवटी अफगाणिस्तानात रशियन फौजा. म्हणजे सारा खेळ पंधरा-वीस वर्षांचा. या मंडळींपैकी अनेकांना गाडीतले ओ की ठो कळत नसे. अशा अडाण्यांसाठी जॉन म्यूर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६९ साली न्यू मेक्सिकोत एक पुस्तक काढले, 'हाऊ टु कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह'. पीटर अॅशवान्डेन यांची चित्रे असलेले हे पुस्तक इतके खपले की त्याच्या आवृत्त्या म्यूर १९७७ साली गेल्यावरही निघत राहिल्या. पुस्तकाने पाने वाचता येतात. पण फाटलेल्या सिलिंडरला रस्त्यात लेथ कुठून येणार? तिथे लागे मेस्त्री.

आता आपल्या बाजूचे बघू. मुक्तीपूर्वीच्या गोव्यात गाड्यांचा दुष्काळ नव्हता. १९५५ साली भारताने नाकेबंदी केली, घाटावरची वाट बंद झाली, रेल्वे बंद झाली, पण समुद्र उघडा होता आणि आयात सैल. युरोपातल्या गाड्या मुरगावला उतरत. गॅरेजला तेव्हा 'ऑफिसिना' म्हणत आणि तिथल्या मेस्त्रीला सुटा भाग हवा असेल तर तो बोटीने येई. १९ डिसेंबर १९६१ नंतर चित्र पालटले. गोवा भारतात आला तसा भारताच्या परवाना पद्धतीतही आला. फोक्सवॅगनचा इथे विक्रेता नव्हता, सुटे भाग नव्हते, मागवायचे तर आयात परवाना. (हीच कंपनी २००९ साली पुण्याजवळ चाकणला कारखाना घालून बसली, पण तोवर वाऱ्यावरचे इंजिन तिने केव्हाच सोडले होते.) मग गोव्यातल्या गाड्यांचे अवघड दुखणे घाट चढून हुबळीला जाऊ लागले.

हुबळीच का, हे समजायला नकाशा पुरे. सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात तिथे वर्कशॉप घातले आणि मुरगावची रेल्वेही १८८८ पर्यंत कॅसलरॉकवरून त्याच जाळ्याला जोडली गेली. वर्कशॉप आले की लेथवर हात बसलेली माणसे तयार होतात. त्यांची पोरे, भाचे, शिकाऊ बाहेर पडून आपापली दुकाने मांडतात. पुढे हुबळी-धारवाड नळांवरच्या औद्योगिक वाल्व्हसाठी देशभर नावाजले, ते हवेतून आले नाही. शिवाय गोव्याहून हंपीला जायचे तर वाट हुबळीवरूनच. किनाऱ्यावर कंटाळलेले प्रवासी हंपीकडे निघत आणि त्यांची इंजिने घाट चढून पठारावर आली की कुरकुरू लागत.

अमरगोळ हे या दोन शहरांच्या मधले गाव. आज ते महापालिकेच्या हद्दीत आहे, बाजूने जलद बसचा मार्ग जातो. मराठी वाचकाला धारवाड म्हटले की जी. ए. कुलकर्णी आठवतात, बेंद्रे आठवतात, पेढा आठवतो. हुबळी म्हटले की गंगूबाई. अमरगोळ म्हटले की काही आठवत नाही, आणि त्यात अमरगोळचा दोष नाही. बाजार समितीचे मोठे आवार तिथे आहे, त्यामुळे ट्रक थांबतात आणि ट्रक थांबतात तिथे मेस्त्री असतात. गावात चालुक्यकालीन बनशंकरीचे देऊळ आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले कारागीर दगडी खांब लेथवर फिरवून घडवत, ही गोष्ट मंदिर-अभ्यासकांना ठाऊक आहे. लक्कुंडी, इटगी इथले खांब पाहावेत. दगडावरची ती गुळगुळीत वलये बघितल्यावर या मुलखात लेथची परंपरा रेल्वेने आणली असे म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. असो.

या गावाशी माझा संबंध आला तो एका स्नेह्यामुळे. म्हापशाकडचा माणूस. त्याच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी कस्टम्सच्या लिलावात १९७१ची एक फोक्सवॅगन कॅम्पर घेतली होती. परदेशी प्रवाशाची गाडी तेव्हा 'कार्ने' नावाच्या कागदावर देशात येई. जाताना गाडी परत न्यायची, नाहीतर भले मोठे शुल्क भरायचे. खिशात दमडी न उरलेले कित्येकजण गाडी टाकून विमानाने गेले. वडिलांनी ती रीतसर नोंदवली, रविवारी घरच्यांना घेऊन फिरवली. ते गेल्यावर गाडी आंब्याखाली उभी राहिली. स्नेह्याने एका गॅरेजातून तिला चालती करून घेतली आणि आईला हंपी दाखवायला म्हणून तिघेजण आम्ही निघालो. मोले, अनमोड घाट, रामनगर, अळणावर. धारवाड ओलांडल्यावर मोकळा रस्ता मिळाला, गाडीने वेग धरला आणि थोड्याच अंतरावर मागून टक् टक् असा आवाज येऊ लागला. मग एक धक्का. मग शांतता. ट्रकमागे दोर बांधून आम्ही अमरगोळला आलो. ट्रकवाल्यानेच मेस्त्रींचे नाव सांगितले.

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. कानडी, मराठी आणि हिंदी तिन्ही भाषा एकाच वाक्यात. त्यांनी मागचे झाकण उघडले, आत हात न घालता नुसते बघितले आणि विचारले, "काटा बघत होता काय?" या गाडीला तापमानाचा काटाच नाही. दोन दिवे आहेत, एक तेलाच्या दाबाचा आणि एक डायनामोचा. मेस्त्रींना ते ठाऊक होतेच. ते म्हणाले, "पाण्याचं इंजिन तापलं की बोंबलतंय. वाफ येते, माणूस थांबतो. हे गप मरतंय, सर."

या एका वाक्यात या इंजिनाची सगळी अडचण आहे. उकळायला पाणी नसल्याने इशारा नाही. त्यातल्या त्यात डायनामोचा लाल दिवा हा खरा रखवालदार, कारण पंखा आणि डायनामो एकाच दांड्यावर असतात. पट्टा तुटला की दिवा लागतो, आणि तेव्हा बॅटरीचे बघू पुढे असे म्हणणारा माणूस दोन-चार किलोमीटरांत इंजिन गमावतो. पण पट्टा शाबूत असून हवाच गरम येत असेल तर दिवाही लागत नाही. आमचे तेच झाले होते. इंजिनाभोवतीच्या पत्र्याला आणि गाडीच्या अंगाला जोडणारी रबराची पट्टी असते, ती वरची थंड आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवते. ती नव्हती. ऑइल कूलरमधून निघालेली गरम हवा बाहेर नेणारा हातभर पत्र्याचा नळ असतो, तोही नव्हता. आधीच्या दुरुस्तीत कोणालातरी हे भाग निरुपयोगी वाटले असणार. इंजिन स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढत होते.

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवले. गिअरबॉक्सला ते फक्त चार बोल्टांनी धरलेले असते. वायर, पेट्रोलची नळी आणि केबल सुटल्या की दोन माणसे जॅकवर घेऊन खाली आणतात. तेल अवघे अडीच लिटर. फिल्टर नाही, नुसती तारेची जाळी. त्या जाळीत चंदेरी भुसा अडकला होता. डावीकडचे हेड काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व्ह दिसला: डोके तुटून पिस्टनमध्ये रुतलेले.

तिसराच असणार, हे मेस्त्रींनी आधीच सांगितले होते. जुन्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आच्छादनाच्या आत, नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर उभा होता. त्याला मिळे ती हवा आधीच तेल थंड करून गरम झालेली. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाहेरच्या स्वतंत्र कोनाड्यात सरकवला आणि तिसऱ्याचे हाल कमी झाले. आमच्या गाडीत हा सुधारित कूलर होता, पण नळ नसल्याने सुधारणेचा फायदा उलटला होता. त्यात आजचे पेट्रोल. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटमधून गेले की मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रणावर चालणारे इंजिन जास्त तापते. जेट बदलायला हवा होता, रबरी नळ्याही.

इथे एक वाद उभा राहिला आणि तो चांगला दोन दिवस चालला. शेजारच्या गॅरेजातल्या तरुण मेस्त्रीचे म्हणणे, हे भंगार फेका, एखाद्या मारुतीचे पाण्याचे इंजिन बसवू, आठवड्यात हंपीला जाल. खर्च निम्म्याहून कमी. स्नेही जवळजवळ तयार झाला होता. गोव्यातून फोनवर आणखी एक सल्ला आला: गाडी आहे तशीच आणा, चाके काढून तिचे कॉफीचे दुकान करू, पर्यटक फोटो काढतील. मला दोन्ही सल्ले पटले नाहीत, पण पैसे माझे जाणार नव्हते, त्यामुळे माझ्या मताला वजन नव्हते.

वाद मिटला तो कागदावरून. या गाडीचा इंजिन नंबर डायनामोच्या पायाखाली क्रँककेसवरच ठोकलेला असतो. आरसी बुकातला नंबर तोच. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते, रोजच्या वापराला वा धंद्याला मात्र ती गाडी चालत नाही. अट अशी की सांगाडा, अंग आणि इंजिन मूळचे हवे, त्यात मोठा फेरफार नको. म्हणजे सिलिंडर, पिस्टन, हेड हे झिजणारे भाग बदलले तरी क्रँककेस वाचली पाहिजे. ती गेली की वडिलांची गाडी कागदावर तरी दुसरीच गाडी. स्नेह्याची आई तोवर बाकावर बसून सगळे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "त्यांनी सही केलेला कागद आहे तो." पुढे कोणी मारुतीचे नाव काढले नाही.

मग प्रश्न उरला क्रँककेस वाचते का. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. अॅल्युमिनियमहून हलकी, म्हणून मागच्या चाकांवर भार कमी. पण फार तापली की तिचे आटे मऊ पडतात आणि सिलिंडरांना आवळून धरणारे लांब स्टड उपटून येतात. आमचे तीन आले होते. यावर उपाय म्हणजे भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात पोलादी बुश बसवायची आणि स्टड त्या बुशीत. काम लेथवाल्याचे. मेस्त्री स्वतः केस घेऊन त्याच्याकडे गेले, कारण मॅग्नेशियमचा किस पेट घेतो आणि पाणी ओतले तर आणखी भडकतो. त्यांनी आधी कोरड्या वाळूची बादली मशीनपाशी ठेवायला लावली, मगच ड्रिल चालू झाले. लेथवाला हसत होता. मेस्त्री हसत नव्हते.

केसचे दोन अर्ध उघडल्यावर एक गोष्ट समजली, जी माझ्यासारख्या जुन्या कागदांत रमणाऱ्या माणसाला फार महत्त्वाची वाटली. क्रँकच्या बेअरिंगांच्या पाठीवर ०.२५ असा शिक्का होता. म्हणजे हा क्रँक पूर्वी एकदा पाव मिलिमीटर घासून नवी जाड बेअरिंगे घातलेली होती. पुशरॉडच्या सात नळ्या कारखान्याच्या आणि एक हाताने केलेली, पत्रा वळवून शिवण झाळलेली. एका हेडचे दोन नट बाकीच्यांशी जुळत नव्हते, लेथवर कापलेले. गाडी लिलावात येण्याआधी कुठेतरी हे इंजिन पुरते खोलले गेले होते. काबूलला? दिल्लीला? मेस्त्रींनी ती नळी उजेडात फिरवून पाहिली. "हे काम आपल्याकडचं," ते म्हणाले. आपल्याकडचे म्हणजे हुबळीचे की हिंदुस्थानचे, हे मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, नळी पुसून खिडकीत ठेवली. तरुणपणी ते हुबळीतल्या एका उस्तादाच्या हाताखाली होते आणि गोऱ्यांच्या अशा गाड्या तिथे येत, एवढेच नंतर बोलता बोलता निघाले. उस्तादाला इंग्रजी येत नव्हते. गाडीवाले ते चित्रांचे पुस्तक उघडून समोर धरायचे आणि उस्ताद चित्र बघून मान हलवायचा.

दफ्तरखान्यात मी आयुष्याची बरीच वर्षे घालवली. कार्ने, लिलावाच्या नोंदी, पासपोर्टावरचे शिक्के यांतून प्रवाशांची नावे आणि तारखा सापडतात. त्या नळीवरच्या झाळकामाची नोंद कुठल्याच दफ्तरात नाही.

सिलिंडर आणि पिस्टन नवे हवे होते. या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सुटा असतो, पिस्टनासकट जोडीने बदलतो. ब्लॉक बोअर करायची भानगड नाही. ८५.५ मि.मी.चे चार पिस्टन, चार सिलिंडर आणि एक हेड लिस्बनला राहणाऱ्या चुलत भावाने सुट्टीवर येताना आणले. गोंयकारांचे पोर्तुगालशी नाते अजून काय कामाचे, असे विचारणाऱ्यांसाठी ही नोंद! दुसरे हेड वाचले. त्याच्या वाल्व्ह सीट आणि गाईड हुबळीत नव्या बसवल्या.

भाग यायला दोन महिने गेले, त्यामुळे मधल्या काळात आम्ही गोव्याला परतलो होतो. बांधणीच्या वेळी मी मुद्दाम पुन्हा गेलो. चार दिवस लागले आणि त्यातला अख्खा एक दिवस क्रँकच्या आडव्या हालचालीत गेला. फ्लायव्हीलच्या आत तीन पातळ चकत्या घालून ती ०.०७ ते ०.१३ मि.मी.च्या दरम्यान आणायची असते. चकती घालायची, आवळायचे, डायल लावून मोजायचे, पुन्हा सोडायचे. केसचे दोन अर्ध जोडताना मध्ये गॅस्केट नसते, नुसता लेपाचा पातळ थर. जाड झाला तर बेअरिंगे सैल. कॅमच्या दातावरची एक खूण क्रँकच्या दोन खुणांच्या मध्ये आली की नाही, हे मेस्त्रींनी तीनदा बघितले आणि चौथ्यांदा मला बघायला लावले. पुशरॉडच्या नळ्या बसवण्याआधी टोकाच्या घड्या ओढून १९० मि.मी.पर्यंत लांब केल्या, शिवण वरच्या बाजूला ठेवून. शिवण खाली राहिली तर तेल तिथूनच ठिबकणार. हाताने केलेली ती जुनी नळी मात्र परत बसवली नाही. ती स्नेह्याच्या आईने मागून घेतली.

या कामातली एक विसंगती मला फार आवडली. हेडचे नट आवळायचे ते अगदी बेताने, जेमतेम सव्वातीन किलो-मीटरच्या जोराने. जरा जास्त झाले की नव्या बुशीसकट स्टड वर येणार. आणि त्याच इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लायव्हीलचा मोठा नट मात्र तीस किलो-मीटरने. एवढा मोठा टॉर्क रेंच मेस्त्रींकडे नव्हता. त्यांनी पान्याला पाईप लावला, टेपने अर्धा मीटर मोजून खडूची खूण केली आणि पोऱ्याला विचारले, "वजन किती तुझं?" पोरगा साठ किलोचा. त्याला त्या खुणेवर उभा केला. साठ गुणिले अर्धा, तीस. हिशेब चोख!

रबराची पट्टी मापाची मिळाली नाही, तेव्हा ट्रकच्या दाराची पट्टी कापून बसवली. कूलरचा नळ मेस्त्रींनी पुठ्ठ्याचा नमुना करून पत्र्यातून घडवला. वाल्व्हची फट गार इंजिनावर ०.१५ ठेवली. प्लग काढून सेल्फ मारला, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, आणि तिसऱ्या प्रयत्नाला ते चालू झाले. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको: शिवणयंत्र आणि मोटारसायकल एकत्र सुरू केल्यासारखा. नवा कॅम होता म्हणून वीस मिनिटे ते जरा चढ्या गतीवर चालवत ठेवले. मेस्त्री पूर्ण वेळ हात मागे बांधून उभे होते. वीस मिनिटांनी ते घरी जेवायला गेले.

निघताना त्यांनी स्नेह्याला जवळ बोलावून एकच गोष्ट कानडी-मराठीत नीट समजावली. आपल्याकडे घाटात पेट्रोल वाचवायला चालक वरचा गिअर सोडत नाहीत, इंजिन गुरगुरत चढते. पाण्याच्या गाडीत ते खपून जाते. इथे पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. इंजिन हळू फिरले की वारा कमी आणि भार मात्र पूर्ण. "तम्मा, चढाला आधीच गिअर खाली घे. ओरडू दे. ओरडतंय तोवर जगतंय." पाचशे किलोमीटरला तेल बदल, जाळी काढून बघ, वाल्व्हची फट पुन्हा तपास, असेही सांगितले.

हंपी त्या खेपेला झालीच नाही, ती पुढच्या महिन्यात झाली. आई पुढच्या बाकावर होती आणि लाल दिव्यावर नजर ठेवायचे काम तिने स्वतःकडे घेतले होते. अनमोडच्या चढाला स्नेही तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला, मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजले, पण त्याने गिअर बदलला नाही. पाचशे किलोमीटर भरले तेव्हा फोंड्याला तेल काढले. जाळीत बोटाला लागेल एवढी चंदेरी चमक होती, भुसा नव्हता. त्याचा फोटो काढून अमरगोळला पाठवला. तासाभराने उत्तर आले: आता हजारला बघा.